मंद मुलांची यादी आणि हेडमास्तरांची मिशी

डोंबिवली,
२० जून १९५४

चि. सरोज,

आधी आशीर्वाद, मग तक्रार.

हेमा सुखरूप पोचली. तुझे यजमान मिठागरावर वजनं व्हायची आहेत म्हणून चहासुद्धा न घेता परत फिरले. घरी पोरीचं बरं चाललं आहे. तुझ्या वहिनीच्या मागे मागे असते, तांदूळ निवडते, तुळशीला पाणी घालते. बोलायला कमी, पण कामाला वाघ.

शाळेचं मात्र काय सांगू! चौथी मी स्वतः घेतो. मी वर्गात शिरलो की टाचणी पडली तरी ऐकू येते. माझ्या मिशीचा धाकच असा आहे की चौदा वर्षांत मला छडी विकत घ्यावी लागली नाही. आणि तुझी मुलगी? पहिल्या दिवसापासून माझ्या मिशीकडे टक लावून बसते. फळ्याकडे नाही, पुस्तकाकडे नाही, मिशीकडे! प्रश्न विचारला की गप्प. दुसऱ्यांदा विचारला की हसते. अगं, हेडमास्तरला हसते!

माझ्या वर्गात मुलं नंबराप्रमाणे बसतात, तेव्हा सध्या ती शेवटच्या बाकावर आहे. भाची म्हणून मी पुढे घेणार नाही, लोक काय म्हणतील? पण काळजी करू नकोस. दगडाला पाझर फोडलाय मी, ही तर माझ्या बहिणीची मुलगी.

तुझा,
विश्रामदादा


ठाणे,
२७ जून १९५४

ती. दादा,

नमस्कार. तुझी तक्रार पोचली, आशीर्वाद वाटेत कुठे सांडला कोण जाणे.

हेमा मठ्ठ नाही रे. दुसरीत मालनबाईंच्या वर्गात तिचा पहिला नंबर होता. तिसरीत ते तंबाखूचा बार भरून शिकवणारे गुरुजी आले आणि पोरीचं सगळं बिघडलं, जेमतेम वर ढकलली. म्हणून तर तुझ्याकडे धाडली. ह्यांनी स्पष्ट सांगितलंय, चौथीत नापास झाली तर शाळा बंद, घरात बसून पापड लाटायचे. दहा वर्षांची पोर रे! आणि हे बोलतात तसं करतात, तुला माहीत आहे.

तिला पुढच्या बाकावर घे. जरा तंद्रीत असते ती, दोनदा हाक मारावी लागते. बाकी काही नाही.

अण्णा ठणठणीत आहेत. अठ्ठ्याहत्तरी उलटली तरी रोज तलावाला फेरी मारतात आणि येताना दोघातिघांशी भांडून येतात. हेमा गेल्यापासून म्हणतात, "गेली ती उर्मट कार्टी? आजोबा हाक मारतात आणि ही खुशाल पाठ करून बसते!" पण तिच्यासाठी आणलेल्या गोळ्या अजून खिशात आहेत.

तुझी,
सरोज


डोंबिवली,
८ ऑगस्ट १९५४

चि. सरोज,

बाक मिळायचा नाही. नंबर म्हणजे नंबर.

इथे वेगळंच लचांड उपटलंय. ठाण्याला 'विशेष बालक शोध कचेरी' नावाची नवी कचेरी निघाली आहे म्हणे. तिचा छापील तक्ता आला: "आपल्या शाळेत मंद मुले किती?" मी लिहिलं, निरंक. चौदा वर्षं शिक्षणखात्याच्या दिपोटींच्या तपासणीत माझ्या शाळेत एकही ढ मूल कुणाला दिसलेलं नाही. तक्ता परत आला. म्हणे, प्रत्येक शाळेत मंद मुलं असतातच, शास्त्र आहे, नीट शोधा. दहा सापडली तर वेगळा वर्ग, शिकून आलेल्या बाई, रंगीत तक्ते आणि कल्याणहून नवे बाक मिळतील. दहापेक्षा कमी सापडली तर काही नाही.

म्हणजे माझ्या शाळेला बाक हवे असतील तर मी आधी माझ्या शाळेची अब्रू काढायची! मी पुन्हा निरंक लिहून पाठवणार आहे.

विश्रामदादा


ठाणे,
१२ ऑगस्ट १९५४

दादा,

खबरदार निरंक लिहिलंस तर!

शिकून आलेल्या बाई म्हणतोस आणि वर अब्रू अब्रू करतोस? पहिलं नाव हेमाचं घाल. तुझी भाची आहे म्हणून लाजू नकोस. मी आई असून लाजत नाही. एखाद्या बाईंच्या हाताखाली ती पुन्हा वर येईल, मला खात्री आहे. का ते विचारू नकोस.

नवे बाक आले की त्यातला एक तरी तिला पुढे दे.

सरोज


डोंबिवली,
१९ सप्टेंबर १९५४

चि. सरोज,

काय लिहू आणि कसं लिहू! तुझं ऐकून यादी केली. पुरी बारा नावं. हेमाचं अकरावं घातलं, पहिलं घालायला हात धजेना. शोध अधिकारी परवा येणार म्हणून कळलं, तेव्हा यादी आमच्या तानाजी शिपायाकडे दिली आणि म्हटलं, "साहेब येताहेत, ही नीट सांभाळ."

इथेच घात झाला.

आता तुला सांगायला हरकत नाही. सगळ्याच शाळांत करतात. दिपोटींची तपासणी असली की आदल्या दिवशी ढ मुलांच्या घरी तानाजी निरोप देऊन येतो, उद्या यायचं नाही. चौदा वर्षं मी त्याला यादी देतो आणि तो गावभर फिरतो. त्याला पुढचं सांगावं लागत नाही. ह्या वेळीही सांगावं लागलं नाही! बिचारा पार मानपाड्यापर्यंत चिखल तुडवत गेला आणि बाराच्या बारा घरी सांगून आला.

सकाळी दहाला साहेब हजर. तरुण आहेत, गुळगुळीत दाढी केलेले, हातात जाड पुस्तक. म्हणाले, "आणा तुमची मंद मुलं." मी वर्गात पाहतो तो काय, एकेक हिरा बसलेला! दगड म्हणून नावाला नाही. साहेबांना काय सांगणार? मंद मुलं घरी आहेत म्हटलं, तर का आहेत हे सांगावं लागणार, आणि मग चौदा वर्षांचं सगळंच बाहेर येणार.

मी पहिल्या दहा नंबरांना बाहेर व्हरांड्यात घेतलं. म्हटलं, "बाळांनो, आज शाळेसाठी एक काम करा. साहेब विचारतील त्याचं उत्तर चुकवा." पोरं रडायला लागली गं! चुकायची सवयच नाही त्यांना.

पहिला सुधीर, आमच्या वकिलांचा मुलगा. साहेबांनी विचारलं, "गाईला पाय किती?" तो सवयीनं म्हणाला, "चार." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "चुकलो साहेब, पाच." आणि पाचवा कुठे ते सांगता येईना म्हणून हुंदके देऊ लागला. साहेबांनी लिहिलं, 'गोंधळलेला.' दुसऱ्यानं प्रत्येक उत्तर खऱ्याहून बरोबर एकानं जास्त सांगितलं, शेवटपर्यंत. साहेबांनी पुस्तक उघडून पाहिलं आणि लिहिलं, 'गंभीर.' शेवंतीला तर चुकता येईचना. तिनं घाबरून एकोणतिसाचा पाढा म्हटला आणि तिला थांबताच येईना. मला वाटलं, ही वाचली. छे! साहेब म्हणाले, "अर्थ न कळता घोकणं हे मंदपणाचं मुख्य लक्षण." दहाच्या दहा मंद! साहेब मला म्हणाले, "हेडमास्तर, इतकी अवघड मुलं तुम्ही इतकी वर्षं सांभाळलीत, धन्य आहे."

आणि अशा वेळी फाटकातून कोण यावं? तुझी हेमा! दोन वेण्या, दप्तर, शांतपणे येऊन शेवटच्या बाकावर बसली. तानाजी शपथेवर सांगतो, ती विहिरीवर पाणी शेंदत होती तेव्हा त्यानं मागून चांगलं तीनदा ओरडून सांगितलं, "उद्या शाळेला यायचं नाही गं!" तरी आली.

साहेबांनी तिलाही समोर बसवलं. मंद मुलांशी बोलायचं म्हणून ते एकेक शब्द तोंड उघडून सावकाश बोलत होते. सरोज, तिनं दहापैकी दहा उत्तरं दिली. फडाफडा! मी तिचा इतका आवाज कधी ऐकलाच नव्हता. साहेबांनी लिहिलं, 'उत्तम. विशेष वर्गाची गरज नाही.'

म्हणजे ती माझ्यासमोर मुद्दाम मठ्ठपणा करते. हा निव्वळ हट्ट आहे, आणि तो तुझ्या लाडानं आलाय.

विश्रामदादा


ठाणे,
२२ सप्टेंबर १९५४

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की शेजारच्या रंगूबाई धावत आल्या. दुसऱ्यांदा वाचताना तुझी ती यादी डोळ्यांपुढे आली आणि हसू आटलं.

चौदा वर्षं तू पोरांना घरी बसवतोस? आणि मोठ्या तोऱ्यात निरंक लिहितोस? त्या बाकीच्या अकरांना आया नाहीत का रे? तुला पहिल्यापासून मोठा भाऊ म्हणून मान दिला, पण ह्या वेळी तुझी लाज वाटली. लिहून टाकलं, आता खोडत नाही.

आणि तुझीच वाटली असं नाही. माझीही वाटली.

हेमा हट्टी नाही. तिला ऐकू येत नाही. सातव्या वर्षी गोवर झाला, त्यानंतर दोन्ही कान महिनाभर वाहत होते. आमच्या आळीत औषधपाणी करणाऱ्या विमलाबाई लसणीचं कोमट तेल सोडायच्या. कान वाहायचे थांबले आणि हळूहळू ऐकू येणंही कमी झालं. मोठा आवाज येतो तिला, पण शब्द कळत नाहीत. ह्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणखी कुणाला नाही. बहिरी म्हणून नाव पडलं तर उद्या तिला कोण पत्करील? म्हणून तुलासुद्धा सांगितलं नाही. तंद्रीत असते म्हटलं. तुला काय निरंक म्हणून टोचायचं, मीही निरंकच लिहीत होते.

तिला रागावला असशील तर आता जवळ घे. मला फार वाईट वाटतंय.

सरोज


डोंबिवली,
१४ नोव्हेंबर १९५४

चि. सरोज,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिच्या मागे उभा राहून शाळेची घंटा बडवली. तिनं दचकून मागे पाहिलं आणि मला बघून हसली. मग मी घंटा खाली ठेवून तिच्या पाठीमागून हळूच म्हटलं, "हेमा, मामा चुकला." ती वहीत कमळ काढत होती, ते काढत राहिली. मला घरी जाववेना. सरोज, तीन महिने मी त्या पोरीला हट्टी म्हणत आलो.

कल्याणच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेऊन आणली. कान बरे व्हायचे नाहीत म्हणाले. पण पोर विलक्षण आहे म्हणाले. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखते, कुणी न शिकवता! "शिकवणाऱ्याचं तोंड तिला दिसलं पाहिजे, एवढंच बघा," असं म्हणून त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझी मिशी तुला ठाऊकच आहे. घास सुद्धा वाट काढत जातो.

म्हटलं, ठीक आहे, विशेष वर्गात घालू. नंदाबाई म्हणून बाई आल्या आहेत, स्वच्छ बोलतात, पुण्याला शिकून आल्यात. पण त्या वर्गाची गंमत ऐक. शाळेतली दहा हुशार मुलं त्यात बसली आहेत, सरकारी मंद म्हणून. नवे बाक, रंगीत तक्ते, पृथ्वीचा गोल! गावात बोभाटा झाला आणि आता पालक रोज माझ्या दारात. "आमचाही मंद आहे हो, लिहून घ्या." एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि माझ्यादेखत म्हणाले, "दाखव रे हेडमास्तरांना, तुला काहीच येत नाही ते." सुधीरचे वडील वकील, ते आधी माझ्यावर फिर्याद करणार होते. आता दुसऱ्या मुलालाही घ्या म्हणून कायदा काढून बसलेत.

आणि ज्या पोरीला खरी गरज, तिला प्रवेश नाही. डॉक्टरांचा दाखला जोडून कचेरीत अर्ज केला. उत्तर आलं, जसंच्या तसं उतरवतो: "सदर मुलीने अधिकाऱ्यांचे दहाही प्रश्न ऐकून बरोबर सोडविले असल्याने ती बहिरी नाही. तथापि तिने चौथीत नापास होऊन पुढील वर्षी पुन्हा अर्ज केल्यास विचार करण्यात येईल." नंदाबाईंचे हात बांधलेले. यादीत नाव नाही, तर दारातही उभं करायचं नाही असा हुकूम आहे.

चौथी तिला माझ्याचकडे काढायची आहे. पुढच्या बाकावर आणली, नंबर गेला खड्ड्यात. मिशीची टोकं कातरली, उपयोग नाही. दोन बोटांनी मिशी वर धरून भूगोल शिकवला, तर वर्ग दोन दिवस हसत होता आणि हेमा तेवढी गंभीरपणे सह्याद्री लिहून घेत होती. पण दिवसभर मिशी धरून खडू कसा धरू? परीक्षा एप्रिलात आहे.

विश्रामदादा


ठाणे,
१७ नोव्हेंबर १९५४

दादा,

मिशी काढ.

सरोज


डोंबिवली,
१९ नोव्हेंबर १९५४

सरोज,

शुद्धीवर आहेस ना? बाप जिवंत असताना मिशी काढू? आपल्यात मिशी उतरते ती बापाच्या दहाव्याला. सबंध डोंबिवली म्हणेल अण्णा गेले. आणि अण्णांच्या कानावर गेलं, तर ते खरोखरच जातील, जाण्याआधी मला घेऊन जातील. दुसरं काहीही सांग.

दादा

ता. क. तू त्यांना ह्यातलं काही सांगू नकोस.


ठाणे,
२४ नोव्हेंबर १९५४

चिरंजीव विश्राम यास,

सरोजनं सगळं सांगितलं. सांगू नकोस असं तू लिहिलं होतंस, तेही सांगितलं.

तुझी मुंज झाली तेव्हा तू घाबरून माजघरात लपला होतास. पन्नाशीला आलास तरी लपायची सवय गेली नाही. तेव्हा धोतरामागे लपायचास, आता मिशीमागे लपतोस.

मी जिवंत आहे, हे मी स्वतःच्या हातानं लिहून देतो. हे कार्ड शाळेच्या भिंतीला लाव. माझ्या मरणाची वाट बघत बसशील तर पोरीला नातवंडं होतील, कारण मला इतक्यात सवड नाही. नगरपालिकेशी माझं नळाचं भांडण चालू आहे.

त्या पोरीला मी तीन वर्षं उर्मट म्हणालो. पाठीमागून हाका मारायचो आणि ती वळली नाही की शिव्या द्यायचो. एकदा काठीही उगारली. त्या वेळी तिनं वळून पाहिलं आणि हसली. ते हसणं आता मला रोज जेवताना आठवतं. तिचं वर्ष माझ्यापायी बुडता कामा नये.

न्हाव्याला बोलाव. बाप म्हणून हुकूम करतो, मिशी काढ.

माझी मी काढणार नाही. मला तिला काही शिकवायचं नाही, फक्त रागवायचं असतं.

अण्णा


डोंबिवली,
२९ नोव्हेंबर १९५४

चि. सरोज,

काल रविवारी मिशी उतरवली. न्हावी वस्तरा ठेवून आधी रडला, मग कामाला लागला. आज सकाळी शाळेत गेलो, तर तानाजीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता घंटा दिली आणि दुखवट्याची सुट्टी जाहीर केली. चौदा वर्षांचा हुशार शिपाई, सांगावं लागत नाही! मुलं घरी, वकील पांढरी टोपी घालून दारात, नंदाबाई डोळे पुसताहेत. अण्णांचं कार्ड भिंतीवर लावलं, तर एक म्हातारे म्हणाले, "गेलेल्या माणसाचं शेवटचं पत्र आहे हो, जपून ठेवा." दुपारपर्यंत मी बाप जिवंत असल्याची शपथ घेत होतो.

मिशी गेल्यावर पोरं टरकत नाहीत. शेवंती मला "गुरुजी, तुम्ही लहान दिसता" म्हणाली. आता छडी आणू की काय? नाही आणणार.

जुनी यादी तानाजीकडून परत मागून घेतली. बाकीच्या अकरांचंही काय ते बघतो आहे.

तुझा,
दादा


डोंबिवली,
६ मार्च १९५५

प्रिय आईस,

हेमाचा नमस्कार. हे पत्र मी एकटीनं लिहिलं. मामांनी शुद्धलेखन बघू का विचारलं, मी नको म्हटलं.

सहामाहीत माझा एकतिसावा नंबर होता, आताच्या चाचणीत सातवा आहे. बाबांना सांग. पापड मला मामीनं शिकवलेत, पण ते सुट्टीत लाटायचे असं मामा म्हणाले.

आई, मामांना दोन ओठ आहेत. वरचा फार पातळ आहे. पहिल्या दिवशी मला हसू आलं, तर मामापण हसले. आधी मामांचं तोंड हलायचं नाही, नुसती मिशी हलायची. मला वाटायचं ते माझ्याशी बोलतच नाहीत. आता कळलं की ते सारखे बोलत असतात. जेवतानापण बोलतात. पाढेपण म्हणतात.

अण्णांना सांग, ते रागावतात ते मला कळत नाही, म्हणून मी हसते. मी सुट्टीत घरी आले की त्यांनी मला कागदावर लिहून रागवावं. आणि गोळ्या द्याव्यात.

मधल्या सुट्टीत नंदाबाई व्हरांड्यात बसतात. यादीतली मुलं डबा घेऊन त्यांच्याभोवती बसतात आणि वाचायला शिकतात. वर्गात नाही बसायचं असा हुकूम आहे, व्हरांड्याचा हुकूम नाही असं वकीलकाकांनी सांगितलं. मीपण बसते.

उद्या दिपोटीसाहेब तपासणीला येणार आहेत. आज तानाजीकाका यादी घेऊन सगळ्यांच्या घरी गेले, मानपाड्यालासुद्धा. मी विहिरीवर होते. ते मागून नाही ओरडले. फिरून माझ्या समोर आले, पागोटं नीट केलं आणि तोंड मोठं उघडून सावकाश म्हणाले, "उद्या यायचं हं बाळ. नक्की यायचं."

मी हो म्हटलं. फ्रॉक धुऊन वाळत घातलाय.

तुझी,
हेमा